गणित घेऊन पुढे काय?

दहावीचा निकाल लागला की आमच्या अंधेरीच्या घरी दोन-चार आठवडे चांगली वर्दळ असते. मी निवृत्त गणित शिक्षक. शाळा सुटली, पण शाळेतली माणसे सुटली नाहीत. कोलडोंगरीतून, चकाल्यातून, आंबोलीतून कोणी ना कोणी आपल्या मुलाला घेऊन येते. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला जातो, चहा होतो, आणि मग खरा विषय निघतो. यंदा एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीला गणितात १०० पैकी ९७ गुण. आई म्हणाली, "सर, ही म्हणते मला गणितच शिकायचंय. इंजिनिअरिंग नको, डॉक्टरी नको, नुसतं गणित. पण गणित घेऊन पुढे काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात महिन्याचा हिशेब महिन्यातच संपतो, त्या घराला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आपल्याकडे त्याला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले उत्तर शेजारीपाजारी देतात : "गणित घेऊन मास्तर व्हायचं, दुसरं काय!" दुसरे उत्तर आमच्यासारखे गणिताचे भक्त देतात : गणित ही सर्व शास्त्रांची राणी आहे, तिच्या दारात येऊन पोटापाण्याचे विचारू नये. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत असे माझे मत आहे. त्यातले दुसरे उत्तर मी स्वतः एकदा दिले होते आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

ही सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत फिटर असलेल्या गृहस्थांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्या वेळी दहावीला गणिताचा पेपर १५० गुणांचा असे. त्याला १४६ मिळाले. मी हरखून गेलो. त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, "याला दुसरीकडे कुठे घालू नका, गणितच शिकू द्या." वडील भाबडे, सरांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. मुलगा बी. एस्सी. ला गेला. दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तिथे आकडेच नाहीत हो!" त्याला पटापट उत्तरे काढायला आवडे, आणि इथे तर उत्तर आधीच दिलेले असे. ते खरे का आहे, एवढेच विचारलेले असे. कशीबशी पदवी झाली, एम. एस्सी. चे एक वर्ष झाले, तेवढ्यात वडील निवृत्त झाले आणि शिक्षण थांबले. पुढे बँकेच्या परीक्षा देऊन त्याने नोकरी मिळवली, आज त्याचे छान चालले आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही, तो मीच स्वतःला लावतो. मी त्याचे गुण पाहिले आणि आवड आहे असे धरून चाललो. विद्यापीठातले गणित कसे असते हे त्याला सांगितले नाही, आणि कमाई सुरू व्हायला किती वर्षे लागतील हे त्याच्या वडिलांना सांगितले नाही.

म्हणून आता कोणी विचारले की मी आधी कागद आणि पेन्सिल पुढे करतो. तुम्हीही घ्या.

तीन ओळी आणि तीन स्तंभ यांचा एक चौरस काढा. त्यात अ, ब, क ही अक्षरे अशी भरा की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक अक्षर एकदाच यावे. मग त्याच घरांत १, २, ३ हे अंकही याच नियमाने भरा. आणखी एक अट : अक्षर आणि अंक यांची कोणतीही जोडी दोनदा येता कामा नये. जमले? एक उत्तर असे :

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

नऊ घरे, नऊ जोड्या, सगळ्या वेगळ्या. आता दोन बाय दोनचा चौरस घ्या, अक्षरे अ आणि ब, अंक १ आणि २. पाच मिनिटे प्रयत्न करा. जमणार नाही. पण "मला जमले नाही" आणि "कोणालाच कधीही जमणार नाही" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरे वाक्य म्हणायचे तर कारण द्यावे लागेल. पाहा : पहिल्या ओळीत अ ब असेल तर दुसरीत ब अ यावेच लागते. म्हणजे कर्णावरच्या दोन्ही घरांत एकच अक्षर. अंकांचेही तसेच, कर्णावरच्या दोन्ही घरांत एकच अंक. मग त्या दोन घरांत तीच जोडी दोनदा आली. संपले. ही झाली सिद्धता. छोटी आहे, पण अस्सल आहे. विद्यापीठातले गणित म्हणजे बहुतांशी हेच. तिथे तुम्हाला ०.९९९... ही न संपणारी संख्या १ च्या 'जवळपास' नसून १ च का आहे, हे सांगावे लागते. शाळेत ज्या गोष्टी 'उघडच आहे' म्हणून सोडून दिल्या, त्यांचीच तिथे उलटतपासणी होते. कित्येक हुशार मुलांना त्याचा कंटाळा येतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु दोन बाय दोनचे ते कारण वाचताना तुमच्या मनात "अरे, खरंच की!" असे काही झाले असेल, तर हा लेख पुढे वाचाच.

या चौरसांची गोष्ट इथे संपत नाही, आणि ती आपल्या उपनगराच्या उंबऱ्यापर्यंत येते. अठराव्या शतकातला थोर गणिती ऑयलर याने याच प्रकारचा एक प्रश्न घातला. सहा पलटणी, प्रत्येकीत सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी, असे ३६ जण. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करा की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक पलटणीचा आणि प्रत्येक हुद्द्याचा एकेकच यावा. ऑयलरला हे जमेना. १७८२ साली त्याने अंदाज मांडला की २, ६, १०, १४, १८ अशा, म्हणजे चाराने भागल्यावर बाकी दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येसाठी असा चौरस असूच शकत नाही. सहाबद्दल तो बरोबर होता. १९०० च्या सुमारास गास्तों तारी या फ्रेंच गृहस्थाने सगळ्या शक्यता हातांनी तपासून ते दाखवून दिले. दोनचे तर आपण आत्ताच पाहिले. पण दहाचे काय?

१९५९ साली, म्हणजे ऑयलरनंतर १७७ वर्षांनी, उत्तर आले. राज चंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर या तिघांनी दाखवले की दहा बाय दहाचा चौरस असतो. एवढेच नव्हे, तर दोन आणि सहा सोडले तर अशा प्रत्येक संख्येसाठी असतो. एवढ्या मोठ्या ऑयलरचा अंदाज साफ कोसळला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ एप्रिल १९५९ च्या अंकात ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताची बातमी, पहिल्या पानावर! यातले श्रीखंडे १९१७ साली मध्य प्रदेशातल्या सागरला जन्मलेले. पुढे १९६३ पासून १९७८ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख होते. हा विभाग आज कालिनाच्या आवारात आहे. अंधेरीहून गाडी पकडली की दोन स्टेशनांवर सांताक्रुझ, आणि तिथून बस. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, ते वारले. आमच्या पश्चिम उपनगरातल्या किती मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे, हे विचारायचा मला धीर होत नाही.

"पण या चौरसांचा उपयोग काय?" असे त्या मुलीच्या आईने विचारले. रास्त आहे. शेतात चार जातींचे बियाणे आणि चार प्रकारचे खत यांची चाचणी घ्यायची आहे. जमीन एका कडेला कसदार, दुसऱ्या कडेला हलकी. कोणत्या वाफ्यात काय पेरले म्हणजे जमिनीच्या भेदाने निकाल बिघडणार नाही? अशा चौरसाप्रमाणे पेरले तर. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर याने १९२० च्या दशकात या पद्धती बसवल्या. पुढे औषधांच्या चाचण्यांत, कारखान्यांत, संदेशातल्या चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या सांकेतिक लिपींत त्याच कल्पना कामाला आल्या. ऑयलरच्या मनात मात्र शेत नव्हते, त्याला कोडे सुटत नव्हते एवढेच.

गणितात असे वारंवार घडते. १९१७ साली योहान राडॉन याने एक शुद्ध गणिती प्रश्न सोडवला : एखाद्या आकृतीतून जाणाऱ्या सर्व रेषांवरची बेरीज माहीत असेल तर मूळ आकृती परत मिळवता येते का? सुमारे पन्नास वर्षांनी हाच प्रश्न सी. टी. स्कॅनच्या यंत्रापाशी पुन्हा उभा राहिला. त्या यंत्रामागच्या कामाला १९७९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. किंवा खिशातला मोबाइल घ्या. ८३ गुणिले ९७ किती? अर्ध्या मिनिटात ८०५१ सांगाल. आता उलट विचारतो : ८०५१ चे अवयव पाडा. हे फारच अवघड. (चाणाक्ष वाचक म्हणेल, ९० चा वर्ग उणे ७ चा वर्ग. शाबास! ही युक्ती फेर्माची. पण संख्या सहाशे अंकी असली आणि तिचे अवयव एकमेकांपासून दूर असले, तर ती पुरत नाही.) गुणाकार सोपा आणि अवयव कठीण, एवढ्याच गोष्टीवर १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांनी गुप्तलेखनाची पद्धत उभी केली. बँकांचे आणि संगणकांचे व्यवहार अशा पद्धतींच्या भरवशावर चालतात. तिच्या मुळाशी फेर्मा आणि ऑयलर यांची प्रमेये आहेत, जी दोन-तीनशे वर्षे निव्वळ कौतुकाची वस्तू होती.

आता पोटापाण्याकडे वळू. इथे मी गोडीगुलाबीने बोलणार नाही.

शिक्षकी पेशा हा पहिला. शाळेत शिकवायचे तर पदवीनंतर बी. एड. आणि शिक्षक होण्याची पात्रता परीक्षा. महाविद्यालयात शिकवायचे तर एम. एस्सी. आणि 'नेट' किंवा 'सेट', आणि आता बहुतेक ठिकाणी पीएच. डी. सुद्धा अपेक्षित असते. काम सुंदर आहे, पण कायमच्या जागा थोड्या निघतात. आपल्या राज्यात कितीतरी तरुण प्राध्यापक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाला ठरलेल्या मानधनावर, शिकवत आहेत. हे मी लपवले तर पुन्हा तीच चूक करीन.

संशोधन हा दुसरा मार्ग. बारावीनंतर पीएच. डी. होईपर्यंत साधारण दहा वर्षे जातात. मात्र सगळी वर्षे घरच्या पैशांवर काढावी लागत नाहीत. 'नेट' परीक्षेतून संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून ती सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आहे. अणुऊर्जा विभागाने १९८३ साली स्थापन केलेले राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ एम. एस्सी. च्या आणि पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था जगातल्या नामांकित गणित केंद्रांत मोडते आणि ती आपल्याच शहरात आहे, तिथे पोचायला विमान लागत नाही.

विमा व्यवसायातला विमागणिती, ज्याला बाजारात ॲक्च्युअरी म्हणतात, हा तिसरा. तीस वर्षांच्या एक लाख माणसांपैकी पुढल्या वर्षभरात किती दगावतील, आणि त्यावरून प्रत्येकाकडून किती हप्ता घ्यावा म्हणजे कंपनी बुडणार नाही आणि लोकही लुबाडले जाणार नाहीत, हे तो ठरवतो. विमा कंपनीला असा माणूस नेमावाच लागतो. बारावीनंतर भारतीय ॲक्च्युअरी संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते. पुढच्या परीक्षा बऱ्याच आणि कठीण. नोकरी करता करता त्या देणारे पुष्कळ आहेत आणि पूर्ण व्हायला वर्षे लागतात. पण ज्याला संभाव्यतेची गोडी आहे आणि घरची जबाबदारीही आहे, त्याला मी हा मार्ग सर्वांत आधी सुचवतो.

राहिले संगणक. १९७३ साली आमच्या अंधेरी पूर्वेला सीप्झ सुरू झाले तेव्हा तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून निर्यात करायच्या होत्या. पुढे संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कंपन्या आल्या आणि सकाळी अंधेरी स्टेशनच्या पुलावर पाय ठेवायला जागा उरेना. या कंपन्यांत, बँकांत, हवामानाच्या अंदाजात, माहितीचे विश्लेषण करणाऱ्या कार्यालयांत गणिताच्या पदवीधराला जागा आहे. पण एक अट आहे. नुसती पदवी घेऊन गेलात तर दारातूनच परत याल. संख्याशास्त्र आणि एक तरी संगणकभाषा पदवीच्या तीन-चार वर्षांतच पक्की करायला हवी. महाविद्यालय ती शिकवीत नसेल तर स्वतः शिकायची.

इथे एक नाव सांगायलाच हवे. लोकलच्या वेळापत्रकाचा विचार करा. इतक्या गाड्या, इतके मोटरमन, इतके रूळ, जलद, धिमी, हार्बर. कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त फेऱ्या कशा बसवायच्या? अशा प्रश्नांच्या एका मोठ्या वर्गाला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. बारावीला तुम्ही दोन चलांचे सोपे उदाहरण आलेख काढून सोडवाल आणि उत्तर बहुभुजाच्या कोपऱ्यावर मिळेल. खऱ्या प्रश्नात चले हजारो, आणि कोपरे मोजता न येण्याइतके. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग याने कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाण्याची रीत दिली. १९८४ साली नरेंद्र करमरकर यांनी कडा सोडून सरळ आतून वाट काढण्याची रीत दिली आणि ती मोठ्या प्रश्नांत फार वेगाने चालते असे दिसले. ते त्या वेळी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत होते. जन्म ग्वाल्हेरचा, आणि १९७८ साली बी. टेक. झाले ते पवईच्या आय. आय. टी. तून, म्हणजे अंधेरीपासून बेस्टच्या बसने जाता येईल इतक्या जवळून. त्यांची पदवी विद्युत अभियांत्रिकीची होती हेही लक्षात ठेवा. गणिताच्या घराला एकच दरवाजा नाही. इंजिनिअरिंगला गेलात म्हणून गणित कायमचे दुरावले असे मुळीच समजू नका.

तसेच विज्ञानाच्या वाटेवर वेळ गेली म्हणजे गेली, असेही नाही. मंगला नारळीकर १९६४ साली मुंबई विद्यापीठातून गणितात सुवर्णपदक घेऊन एम. ए. झाल्या. मग लग्न, परदेश, तीन मुली. पीएच. डी. झाली १९८१ साली, अंकशास्त्रात. मध्ये सतरा वर्षे! पुढे त्यांनी मुलांसाठी मराठीत गणिताची पुस्तके लिहिली. त्या मुलीच्या आईला मी हे मुद्दाम सांगितले, कारण "मुलीच्या जातीला इतकी वर्षे शिकून काय करायचं" हे वाक्य तिच्या ओठांवर आलेले मला दिसत होते.

तुमच्यातला एखादा म्हणेल, "सर, आता यंत्रच गणिते सोडवते, मग माणसाने कशाला शिकायचे?" खोटे नाही. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे प्रश्न गूगल डीपमाइंडच्या यंत्रणेला घातले, तेव्हा तिने सहापैकी पाच सोडवून ४२ पैकी ३५ गुण मिळवले, सुवर्णपदकाच्या पातळीचे. मी ते वाचले तेव्हा मला दोन दिवस चैन पडले नाही. विचारान्ती माझे मत असे झाले आहे की, ठरावीक साच्याची गणिते भराभर सोडवणे एवढीच ज्याची पुंजी आहे, त्याचे पुढे कठीण आहे. पण यंत्राने दिलेली सिद्धता बरोबर आहे की तिच्यात पायरी गाळली आहे, हे ओळखणारा माणूस लागेल. आणि मुळात कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हे ठरवणाराही लागेल. दोन आणि सहा पाहून ऑयलरने दहाबद्दल अंदाज केला आणि तो चुकला. यंत्रही असेच अंदाज करते, मोठ्या आत्मविश्वासाने करते. पंचवीस वर्षांनी काय होईल हे मी सांगू शकत नाही. पण ज्याला 'हे खरे कशावरून?' असे विचारण्याची शिस्त लागली आहे, तो उपाशी राहील असे मला वाटत नाही.

आता प्रवेशाचे. बी. एस्सी. साठी अंधेरीतच भवन्स आहे, शेजारी पार्ल्याला साठ्ये आणि मिठीबाई. प्रवेश घेण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : शेवटच्या वर्षाला गणित हा मुख्य विषय इथे शिकवतात का, आणि गेल्या वर्षी त्या वर्गात किती मुले होती? सगळ्याच महाविद्यालयांत तो वर्ग भरत नाही. कालिनालाच मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी २००७ साली सुरू केलेले मूलभूत विज्ञानाचे उत्कृष्टता केंद्र आहे. तिथे बारावीनंतर सलग पाच वर्षांत एम. एस्सी. होते, प्रवेश 'नेस्ट' परीक्षेतून. पवईच्या आय. आय. टी. त गणिताची चार वर्षांची पदवी आहे, पण तिला जे. ई. ई. लागते. बाहेर जाण्याची तयारी असेल तर पुण्याची आयसर, चेन्नईची गणित संस्था, कोलकाता आणि बंगळुरू येथील भारतीय सांख्यिकी संस्था. यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या, आणि त्यांत बोर्डाच्या गुणांनी फारसे भागत नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे ऑलिंपियाडचे काम आहे. निवड झाली नाही तरी जुने प्रश्न मिळवून सोडवा. एकेक प्रश्न तीन-तीन दिवस डोक्यात ठेवण्याची सवय लागते आणि तीच खरी कसोटी आहे. पदवीच्या काळात उन्हाळ्याच्या सुट्टीत 'एम. टी. टी. एस.' नावाची शिबिरे भरतात. ती मुंबई विद्यापीठातच शिकवणाऱ्या कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केली. मला हाताशी असती तर तीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलाला मी आधी तिथे पाठवले असते आणि मग पुढचे बोललो असतो.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. वर्गात पहिला आलेला मुलगा गणिताकडे ढकलू नका, आणि साठ गुण मिळवून 'पण असे का?' विचारणाऱ्याला गप्प बसवू नका. आमच्या वेळी आम्ही दोन्ही केले.

त्या मायलेकींना मी सरळ सल्ला दिला. अकरावीला विज्ञान घ्या, भौतिकशास्त्र आणि संगणकही घ्या म्हणजे कोणतीच वाट बंद होणार नाही. दोन वर्षांत या मुलीने सिद्धता लिहायला शिकावे आणि ते आवडते का हे स्वतः पाहावे. आवडले नाही तर इंजिनिअरिंग, वाणिज्य, काहीही, मन मोकळे ठेवून. आवडले तर बी. एस्सी., आणि त्याच्याबरोबर संख्याशास्त्र. पैशांची तातडी पडली तर तिसऱ्या वर्षानंतर नोकरी धरता येईल एवढी तयारी ठेवायची. आईने हिशेब बोटांवर मोजला, "म्हणजे पाच वर्षं." मी म्हटले, "कमाईला पाच. प्राध्यापक व्हायचे तर बारा धरा." ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "निदान कळलं तरी."

मुलीला मी चार बाय चारचा चौरस घातला आहे : चार अक्षरे, चार अंक, अटी त्याच. तुम्हीही करा, जमतो. तिने जाताना दारातूनच विचारले, "सर, सहाचा जमत नाही हे त्या फ्रेंच माणसाने सगळ्या शक्यता तपासून दाखवलं ना? मग न तपासता नाही का दाखवता येणार?" चपला घालून आई जिन्यात उभी होती. मी म्हटले, रविवारी ये, बसून बोलू.